विवाह नोंदणी : नोंद तीनशेची, उशीर महागाचा

वर्धा जिल्ह्यात लग्न ठरले की साक्षगंधाच्या दिवसापासून खर्चाची वही उघडते. लॉनचे भाडे, आचारी, बँड, मांडव, आंदण, पाहुण्यांच्या गाड्या, सगळे त्यात चढते. एक ओळ मात्र बहुतेक वह्यांत नसते, ती म्हणजे विवाह नोंदणी. सगळा मिळून खर्च साधारण तीनशे रुपये. एवढे स्वस्त काम राहून जाते, कारण अक्षता पडल्यानंतर या कागदावाचून लगेच काही अडत नाही. अडते ते पुढे : सुनेचे आधारवरचे नाव बदलताना, आंतरजातीय विवाहाचे अनुदान मागताना, जावयाबरोबर परदेशी जाताना, आणि सर्वांत वाईट म्हणजे नवरा गेल्यावर त्याच्या नोकरीचे, विम्याचे, शेतीचे हक्क मागताना. तेव्हा तीनशे रुपयांचा कागद मिळवायला वकील लागतो.

नोंद कुठे करायची, खरोखर किती पैसे लागतात, कोणते पैसे देऊ नयेत आणि कागद हातात पडल्यावर काय तपासायचे, ते पुढे क्रमाने दिले आहे.

कायदा काय म्हणतो

राज्यात महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ लागू आहे. हा सर्व धर्मांच्या लग्नांना लागतो. लग्नाच्या तारखेपासून ९० दिवसांत वर, वधू आणि तीन साक्षीदारांनी विवाह निबंधकासमोर हजर राहून विवाहाचे ज्ञापन म्हणजे 'नमुना ड' द्यायचा असतो. त्यावरून मिळते ते प्रमाणपत्र 'नमुना ई'. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ रोजी सीमा विरुद्ध अश्वनी कुमार या प्रकरणात देशभर सर्व नागरिकांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. महाराष्ट्रात कायदा त्याआधीपासूनच होता.

दोन गैरसमज आधी काढून टाका. नोंद केली नाही म्हणून लग्न बेकायदा ठरत नाही. पण लग्न झाल्याचे सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येते. दुसरा गैरसमज याच्या उलट आहे : लग्न न लावता नुसते प्रमाणपत्र काढले तरी चालते. हे चालत नाही. एप्रिल २०२४ मध्ये डॉली राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की हिंदू विवाह कायद्याखालील लग्नात विधीच झाले नसतील, तर संस्थेने दिलेल्या वा नोंदणी कार्यालयातून आणलेल्या प्रमाणपत्राने ते लग्न होत नाही. व्हिसासाठी घाई आहे म्हणून 'आधी कागद, मग लग्न' असा सल्ला कोणी एजंट देत असेल, तर त्याच्या नादी लागू नका.

कोणत्या कार्यालयात जायचे

गावात विवाह निबंधक म्हणजे ग्रामसेवक, ज्यांचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे. शहरात हे काम नगर परिषदेत किंवा नगर पंचायतीत होते. जिल्ह्यात वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी आणि सिंदी (रेल्वे) येथे नगर परिषदा आहेत, तर सेलू, समुद्रपूर, आष्टी आणि कारंजा (घाडगे) येथे नगर पंचायती. बाकी सगळीकडे ग्रामपंचायत.

सर्वांत जास्त चकरा वर्धा शहराभोवती होतात. आपण वर्धेत राहतो असे सांगणारी कितीतरी कुटुंबे प्रत्यक्षात पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), सावंगी (मेघे), नालवाडी किंवा म्हसाळा ग्रामपंचायतीच्या हद्दीत राहतात. पत्रिकेवर 'वर्धा' छापलेले असते म्हणून ती पाच माणसे घेऊन नगर परिषदेत जातात आणि परत येतात. घरटॅक्सची पावती काढा. त्यावर ज्या संस्थेचे नाव, तिच्या हद्दीत तुम्ही राहता. अर्जात सिंदी लिहिताना (मेघे) की (रेल्वे) हे न विसरता लिहा.

नोंद सर्वसाधारणपणे लग्न जिथे लागले तिथे, किंवा वर-वधूपैकी कोणी जिथे राहते तिथे होते. लॉन शेजारच्या गावाच्या हद्दीत असेल, तर बहुतेकांना स्वतःच्या गावाची ग्रामपंचायतच सोयीची पडते. साक्षीदारांना नेण्याआधी घरातल्या एकाने जाऊन विचारून यावे : नोंदणी कोणत्या दिवशी होते, निबंधक कधी असतात, कोणत्या कागदांच्या किती प्रती लागतात. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे अनेकदा एकाहून अधिक गावे असतात, त्यामुळे दिवस ठरवूनच जावे.

खर्चाचा हिशेब

- नोंदणी शुल्क, ९० दिवसांच्या आत : ५० रुपये.
- उशीर झाल्यास : वर्षाच्या आत १०० रुपये, वर्ष उलटल्यावर २०० रुपये.
- ज्ञापनावर कोर्ट फी स्टॅम्प : १०० रुपये.
- ग्रामपंचायतीतून दाखल्याची प्रत : २० रुपये. दोन-तीन प्रती एकदमच घ्या.
- पासपोर्ट आकाराचे फोटो आणि झेरॉक्स : साधारण शंभर रुपये.

नगर परिषदेत अर्जाच्या नमुन्याचे वा प्रतीचे किरकोळ शुल्क वेगळे असू शकते. एकूण आकडा तरी तीनशेच्या आसपासच राहतो. कोणी हजारात आकडा सांगितला, तर तो सरकारचा आकडा नाही. भरलेल्या प्रत्येक रुपयाची छापील क्रमांकाची पावती मागा.

एक खर्च मात्र हमखास गळ्यात मारला जातो : 'प्रतिज्ञापत्राला पाचशेचा स्टॅम्प पेपर आणा.' ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात अनेक दस्तांचे किमान मुद्रांक शुल्क १०० वरून ५०० रुपये झाले, तेव्हापासून हा गोंधळ वाढला. शासकीय कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे. मार्च २०२५ मध्ये महसूल विभागाने ही माफी पुन्हा जाहीर केली. पत्रिका नाही किंवा नावात फरक आहे म्हणून प्रतिज्ञापत्र मागितले, तर ते साध्या कागदावर करा. नोटरीची गरज असेल तर तिचे पैसे तेवढे वेगळे.

खरा खर्च या यादीत नाही. पाच माणसांचा एक दिवस, ही या कामाची मोठी किंमत. साक्षीदार मजुरीवर जाणारे असतील तर तीन रोज बुडतात. एसटीचे भाडे लागते, मात्र महिला साक्षीदारांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. एक कागद कमी निघाला की हा सगळा खर्च दुप्पट होतो. पैसे शुल्कात वाचत नाहीत, चकरा टाळण्यात वाचतात.

कोणते कागद न्यायचे

- नमुना ड, वर-वधू, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्याच्या सहीसह.
- दोघांचे वयाचे पुरावे : शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्म दाखला.
- दोघांचे रहिवासाचे पुरावे व आधार.
- तिन्ही साक्षीदारांचे ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा.
- मूळ लग्नपत्रिका आणि लग्नविधीचा एक फोटो, ज्यात दोघांचे चेहरे स्पष्ट दिसतात.
- दोघांचे सुटे फोटो.
- पूर्वी लग्न झाले असल्यास घटस्फोटाचा न्यायालयीन हुकूमनामा किंवा आधीच्या जोडीदाराचा मृत्यू दाखला.
- निकाह असल्यास निकाहनाम्याची प्रत.

सगळे मूळ कागद सोबत ठेवा. सर्वांत अडते ती लग्न लावणाऱ्याची सही. पुरोहित अमरावतीहून आलेले, भंतेजी नागपूरहून आलेले, आणि महिनाभराने त्यांना शोधायचे कुठे? नमुना ड आधीच आणून ठेवा. लग्नाच्या दिवशीच पुरोहित, भंते, बौद्धाचार्य, काझी किंवा पाद्री, जे कोणी असतील त्यांची सही आणि पत्ता घ्या. सत्यशोधक पद्धतीने लग्न लावले असेल तरी लावणाऱ्याची सही लागतेच. साक्षीदारही त्याच दिवशी ठरवा. गावातच राहणारे, ओळखपत्र असलेले तीन जण निवडा. पुण्यात नोकरी करणारा मित्र साक्षीदार म्हणून घेतला, तर त्याच्या सुट्टीवर तुमचे नव्वद दिवस अवलंबून राहतात.

वधू १८ आणि वर २१ वर्षांचा पूर्ण नसेल तर नोंद होणार नाही, शिवाय गुन्हाही आहे. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. बालविवाह लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

नव्वद दिवस शेतीच्या पंचांगात कुठे पडतात

आपल्याकडे लग्नसराई उन्हाळ्यात. मे महिन्यात लग्न लागले तर नव्वदावा दिवस ऑगस्टमध्ये येतो. मधल्या काळात मृगाची पेरणी, मग डवरणी, निंदण, फवारणी. कपाशी-सोयाबीनच्या या धावपळीत पाच माणसांना एका दिवशी कार्यालयात उभे करणे अवघड होते आणि मुदत निघून जाते. म्हणून नोंदणीचा दिवस लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच ठेवा, सत्यनारायणाच्या पूजेला वा मांडवपरतणीला पाहुणे गोळा झालेले असताना. सामूहिक विवाह मेळाव्यात लग्न लागले असेल, तर आयोजकांकडूनच नमुना ड भरून घ्या. मेळावा उठल्यावर साक्षीदार आणि लग्न लावणारा दोघेही दुरावतात.

नोंदणी विवाह करायचा असेल तर

वर जे सांगितले ते लागलेल्या लग्नाच्या नोंदीबद्दल. विधी न करता अधिकाऱ्यासमोर लग्न करायचे असेल, किंवा दोघांचे धर्म वेगळे असतील, तर विशेष विवाह अधिनियम, १९५४ लागतो. यासाठी ग्रामपंचायत नाही, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या विवाह अधिकाऱ्याकडे जावे लागते. नोटीस विभागाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन देता येते. दोघांपैकी एक जण नोटिशीआधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला असावा. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा हिंदी विश्वविद्यालयात बाहेरच्या राज्यांतून आलेल्यांना या अटीमुळे वर्धेतच लग्न करता येते. नोटीस ३० दिवस फलकावर लागते. हरकत आली नाही तर त्यानंतर, नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत, तीन साक्षीदारांसमोर लग्न लावायचे. अधिकारी देतो ते प्रमाणपत्र अंतिम. त्यानंतर ग्रामपंचायतीत पुन्हा नोंद करायची गरज नसते. इथे पैशापेक्षा वेळ जास्त लागतो, म्हणून तारीख ठरवताना दीड महिना हाताशी ठेवा. तीन महिने उलटले तर नोटीस पुन्हा द्यावी लागते.

हा कागद कुठे कामी येतो

*आंतरजातीय विवाह.* राज्याच्या योजनेत पात्र जोडप्याला ५० हजार रुपये मिळतात. अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे करायचा. पती-पत्नीपैकी एक अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गातला असावा लागतो. सोबत जातीचे दाखले, जोडप्याचा फोटो, शिफारसपत्रे, संयुक्त बँक खाते, आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागतेच. निरीश्वरवादी समाजसुधारक गोरा यांची मुलगी मनोरमा आणि दलित समाजातले अर्जुनराव यांचा विवाह १३ मार्च १९४८ रोजी सेवाग्रामला लागला, तेव्हा आश्रमातली माणसे साक्षीला पुरेशी होती. आज अनुदानाची फाइल प्रमाणपत्राशिवाय पुढे सरकत नाही.

*शेतकरी कुटुंबातील लग्न.* शेतकरी-शेतमजुरांच्या मुलींसाठी महिला व बाल विकास विभागाची शुभमंगल सामूहिक व नोंदणीकृत विवाह योजना आहे. तिचे अनुदान १० हजारांवरून २५ हजार करण्याची घोषणा जून २०२४ च्या अर्थसंकल्पात झाली. अटी आणि अर्जाची वेळ जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात लग्नाआधीच विचारा.

*सुनेची कागदपत्रे.* आधारवर लग्नानंतरचे नाव लावायला विवाह प्रमाणपत्र चालते. दुरुस्तीचे शुल्क ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये आहे. नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून मधले नाव आणि आडनाव घरात ठरवून मगच केंद्रावर जा. पॅन कार्डातील बदलाला १०७ रुपये लागतात, मतदार यादीतील बदल नमुना ८ भरून मोफत होतो. नाव बदलण्याची सक्ती कुठलाही कायदा करत नाही. माहेरचे नाव ठेवले तरी विवाह प्रमाणपत्राने पती-पत्नीचे नाते सिद्ध होते आणि हा सगळा खर्च वाचतो. २०२४ साली लाडकी बहीण योजनेत शिधापत्रिकेवर नाव न चढलेल्या नवविवाहितांना विवाह प्रमाणपत्र दाखवून पतीची शिधापत्रिका उत्पन्नाच्या पुराव्यासाठी वापरता आली. ज्यांच्याकडे ते नव्हते, त्यांना तहसीलच्या रांगेत उभे राहावे लागले.

*नोकरी आणि परदेश.* पुलगावच्या दारूगोळा भांडारात, रेल्वेत, सैन्यात वा शासकीय सेवेत असणाऱ्यांनी पत्नीचे नाव सेवापुस्तकात किंवा सेवा अभिलेखात लगेच चढवावे. कुटुंब निवृत्तिवेतनाची फाइल तिथूनच सुरू होते. पासपोर्ट काढायला डिसेंबर २०१६ पासून विवाह प्रमाणपत्राची सक्ती नाही. जोडीदाराच्या व्हिसाला मात्र ते लागतेच, आणि बहुतेक देश त्यावर अपोस्टिल मागतात. आधी राज्य शासनाचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. मंत्रालयाचे शुल्क ५० रुपये, वर नेमलेल्या संस्थेचा सेवा आकार. या वाटेवर खासगी एजंट अनेक पटींनी पैसे घेतात, म्हणून त्यांच्याकडून शुल्क आणि मजुरी वेगळी लिहून घ्या.

*नवरा गेल्यावर.* सर्वांत मोठी किंमत इथे मोजावी लागते. आत्महत्याग्रस्त म्हणून नोंदलेल्या सहा जिल्ह्यांत वर्धा आहे. पात्र प्रकरणात शेतकऱ्याच्या वारसाला एक लाख रुपये मिळतात. शेतकरी अपघातात गेला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून दोन लाख. शिवाय सातबाऱ्यावर वारस फेरफार, बँकेतील ठेव, पीककर्जाचा हिशेब, निराधार योजनेचे निवृत्तिवेतन. या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न असतो, मृताशी नाते काय? विवाह प्रमाणपत्र वारस दाखल्याची जागा घेत नाही, पण पत्नी असल्याचा वाद तिथल्या तिथे मिटवते. ते नसेल आणि सासरच्यांनी हरकत घेतली, तर दिवाणी न्यायालय, रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी आणि वकिलाचे पैसे असा खर्च मागे लागतो. पोटगी आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जातही प्रमाणपत्र असले, तर 'लग्नच झाले नव्हते' असा बचाव पहिल्या तारखेलाच संपतो.

नोंदणीसाठी दोघांना निबंधकासमोर उभे राहावे लागते. एक जण गेल्यावर या सोप्या वाटेने नोंद करता येत नाही. म्हणून दहा-वीस वर्षांपूर्वी लागलेले आणि नोंद राहिलेले लग्न असेल, तर उशिराचे शुल्क भरून आताच नोंदवा. पत्रिका सापडत नसेल तर जुना फोटो, मुलांचे जन्म दाखले आणि शिधापत्रिका सोबत न्या.

स्थळ जुळवणाऱ्यांना पैसे देण्याआधी

शेतकरी मुलांना स्थळे मिळत नाहीत, याचा फायदा घेणारे मध्यस्थ गावोगाव फिरतात. परजिल्ह्यातली वा परराज्यातली मुलगी दाखवतात, लाखाच्या घरात पैसे घेतात आणि मुलगी आठवड्यात नाहीशी होते. विवाह नोंदणीचा कायदा विवाह मंडळांनाही लागतो. मंडळाची नोंदणी असणे बंधनकारक आहे, तिचा क्रमांक मागा. मुलीचे मूळ आधार आणि शाळेचा दाखला पाहिल्याशिवाय, तिच्या गावी माणूस पाठवून चौकशी केल्याशिवाय पैसे देऊ नका. नोंदणीला टाळाटाळ होत असेल तर तिथेच थांबा.

कागद हातात पडला की

निबंधकाच्या टेबलासमोरच वाचा. दोघांची नावे आधार आणि शाळेच्या दाखल्याप्रमाणे आहेत का, लग्नाची तारीख व ठिकाण बरोबर आहे का, नोंदवहीतला अनुक्रमांक, सही, शिक्का आहे का? परदेशाचा विचार असेल तर इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टशी जुळते का? वेलांटीची चूक त्याच दिवशी विनाखर्च दुरुस्त होते, दोन वर्षांनी तिला प्रतिज्ञापत्र आणि चकरा लागतात. प्रमाणपत्र मोबाइलमध्ये स्कॅन करून ठेवा आणि एक प्रत मुलीच्या माहेरी द्या. घर सोडावे लागलेल्या बाईकडे बहुधा एकही कागद नसतो.

अडवले तर

विवाह नोंदणीचा दाखला ही लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालील सेवा आहे. शुल्क, मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचे नाव कार्यालयाच्या फलकावर लावणे बंधनकारक आहे. त्याचा फोटो काढा. अर्जाची पोच घ्या. मुदतीत दाखला मिळाला नाही किंवा नाकारला, तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. वरचे पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. प्रकरण न्यायालयात जाण्यासारखे असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यासाठी १५१०० वर फोन करा.

थोडक्यात वेळापत्रक

साक्षगंध झाले की नमुना ड आणा आणि तीन साक्षीदार ठरवा. अंतरधर्मीय किंवा नोंदणी विवाह असेल तर नोटीस त्याच आठवड्यात द्या. लग्नाच्या दिवशी लग्न लावणाऱ्याची सही घ्या, विधीचा स्पष्ट फोटो काढा आणि पत्रिकेच्या दोन प्रती जपून ठेवा. पहिल्या आठवड्यात, पेरणीच्या आधी, पाच जणांनी कार्यालयात जा. महिनाभरात आधार, बँक, शिधापत्रिका आणि सेवापुस्तक. लग्नाच्या वहीत आचाऱ्याच्या ओळीखाली तीनशे रुपये आजच लिहून ठेवा आणि त्यापुढे हे काम करणाऱ्या माणसाचे नावही घाला. घरातल्या सर्वांवर सोपवलेले काम कोणीच करत नाही.